टॅपेट आवळून गप्प बसू नकोस

अगं, काल फोनवर तू गाडीचा आवाज ऐकवलास ना, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. मागून होटगी जंक्शनातून विजापूरकडची गाडी शिट्टी मारत गेली, तरी ती टिक-टिक लपली नाही. आणि तू खुशाल म्हणतेस, ‘ताई, टॅपेट आवळून घेतले, आता ठीक आहे.’ ठीक नाहीये गं. दिवाळीतही आवळले होते ना? एकाच व्हॉल्व्हची फट पुन्हा पुन्हा वाढते, तेव्हा नुसता स्क्रू ढिला होतोय असं समजायचं नाही. खालचा कॅम झिजत असतो, आणि आपण दर वेळी फट बुजवून त्याच्या झिजेवर पांघरूण घालतो.

रागावू नकोस, पण हे दुखणं मामांच्या लाडातून आलंय. तीन वर्षं गाडी शेडमध्ये उभी, आणि दर रविवारी मामा ती पाच मिनिटं चालू करून बंद करायचे. त्यांना वाटे, इंजिन जिवंत राहतं. झालं उलटंच. इतक्या वेळात इंजिन नीट तापत नाही. पेट्रोलचा अंश आणि पाणी ऑइलमध्येच राहतं. त्यात आयडलवर ऑइलचा दाब कमी, वर शिंतोडे कमी, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा भार कॅमच्या नाकावर. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. आयडलला इंजिन 800 फेरे घेत असेल, तर मिनिटाला 400 वेळा ते नाक कोरडं घासणार. हिशेब तूच कर.

आता टॅपेट कव्हर उघड, पण घाईनं काही सोडू नकोस. आधी कॅमच्या एकेका उंचवट्यावरून, म्हणजे लोबवरून, नख फिरव. चांगल्या लोबवर ते निसटत जातं, झिजलेल्यावर अडकतं. माझ्या गाडीचा तिसरा लोब असा होता की टोकाला पिंपळपानासारखी चकाकी आणि तिच्या कडेला सुईच्या अग्राएवढे खड्डे. मग मायक्रोमीटर लाव: नाकापासूनची उंची घे, त्यातून आडवी जाडी वजा कर. जे उरेल ती उचल. इनटेकचे लोब एकमेकांशी ताडायचे, एक्झॉस्टचे एकमेकांशी. एकच मागे पडला, तर शंकाच नको.

कॅमशाफ्टला कॅप असतील, तर त्यांचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं सोड. एक टोक पूर्ण मोकळं केलंस की उरलेले स्प्रिंग शाफ्टला वाकवू पाहतात. आणि ओतीव लोखंड वाकत नाही, कट करून तुटतं. कॅप जिथली तिथेच परत बसली पाहिजे, म्हणून खुणा करून ठेव.

गंमत बघ, हे सगळं तू सोलापुरात बसून शोधतेस. यतीन शहांनी 1992 मध्ये सुरू केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स तिथलीच. चादरी विणणाऱ्या गावातून फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाईच्या इंजिनांना कॅमशाफ्ट गेले. पण तिथल्या फाटकावर जाऊन ‘एक द्या’ म्हटलं, तर तुझ्या म्हाताऱ्या गाडीचा मिळणार नाही. तो सगळा मोटारकंपन्यांच्या ऑर्डरीचा माल. त्यांची विद्या मात्र आपल्या कामाची. चिल कास्टिंगमध्ये साच्यात लोबच्या जागी धातूचे थंड तुकडे बसवतात. तापलेला रस त्यांना टेकताच झटकन गोठतो आणि तेवढाच थर कमालीचा कडक होतो. वरचा पापुद्रा टणक, आत मऊ. तो पापुद्रा गेला की पुढची झीज महिन्यांत नाही, दिवसांत होते.

म्हणून कुणी लेथवाला म्हणाला, ‘वेल्डिंगनं भरून घासून देतो’, तर नमस्कार कर आणि घरी ये. असल्या लोखंडाला वेल्डिंगची धग लागली की तडा जाण्याची भीती. नुसतं ग्राइंडिंग चालतं, पण टणक थर शिल्लक असेल तरच, आणि त्यानंतर फट जुळवायला टॅपेटच्या स्क्रूत जागा हवी.

नवा शोधताना गाडीचं नाव सांगू नकोस, इंजिनाचा कोड सांग. बंगळूरच्या सॅन स्टॉर्मचंच घे. फायबरग्लासची दोन-सीटर, आपल्या देशातल्या मोजक्या स्पोर्ट्स कारपैकी एक. बॉनेटखाली मात्र रेनोचं 1.2 लिटरचं डी7एफ, म्हणजे क्लिओ-ट्विंगोमधलं. ‘स्टॉर्मचा कॅम’ म्हणशील तर दुकानदार डोकं खाजवेल.

आणि माझी चूक करू नकोस बाई. मी नवा कॅम आणला आणि रॉकर जुनेच बसवले. दिसायला बरे होते, पैसेही वाचले. जुन्या रॉकरच्या खडबडीत तोंडानं नव्या लोबला हजार किलोमीटरच्या आत खाल्लं. कॅम आणि त्याच्यावर घासणारा भाग जोडीनंच बदलायचा.

त्याहून मोठं काम म्हणजे, नवा बसवण्याआधी जुना का गेला ते शोध. चेंबर काढून पंपाची जाळी बघ, हेडमधल्या ऑइलच्या वाटा हवेनं मोकळ्या कर. एखादं भोक काजळीनं बुजलं असेल, तर नवाही तसाच मरेल. ज्या अल्युमिनियमच्या बैठकीत शाफ्ट फिरतो, तिथे खोल चरे असतील तर गोष्ट हेडवर जाईल. खर्च ऐकून घाबरशील, म्हणून ते आधीच बघ.

बसवताना लोबना मॉलीची पेस्ट चोपड, टायमिंगच्या खुणा जुळव आणि पान्यानं क्रँक हातानं पूर्ण दोनदा फिरव. मध्ये अडला तर जोर लावू नकोस. घासत्या टॅपेटचं इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलवर ठेवायचं नसतं. 2000 आरपीएमवर वीसेक मिनिटं ठेवायचं, मामांना कितीही कळवळा आला तरी. ऑइलही जुन्या इंजिनाला चालणारं घे. कॅटलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी नव्या ऑइलमधलं फॉस्फरस कमी केलंय, आणि कॅमला राखणारं झिंक-फॉस्फरस तेच.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येते, मायक्रोमीटर घेऊन. तोवर गाडी सुरू करू नकोस. आणि ऑइल काढायला आईची परात घेऊ नकोस. मागच्या वेळची बोलणी अजून ऐकते आहे मी.