यंत्र वाचणार आहे, म्हणून

संगणकावरील साधनाची माहितीपुस्तिका पूर्वी केवळ माणसासाठी लिहिली जाई. अडल्यास तो जाणकाराला विचारी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’ला मात्र मुख्यतः साधनाचे नाव, वर्णन व द्यावयाच्या माहितीचा आराखडा यांवरच विसंबावे लागते. २०२४ साली अँथ्रॉपिकने मांडलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्येही हीच तीन अंगे प्रमुख आहेत.

‘तारीख द्या’ एवढेच लिहिले, तर ०३/०४/२०२५ म्हणजे भारतात ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च! ‘वर्ष-महिना-दिवस’ असा क्रम सांगताच संदिग्धता मिटते. ‘नोंद काढा’ म्हणजे शोधून दाखवा की पुसून टाका? पुसलेली नोंद परत मिळणार नसेल, तर तेही वर्णनातच हवे. लेखकाने गाळलेले वाक्य एजंट अंदाजाने भरतो. अंदाज चुकल्यास नुकसान मात्र ज्याची नोंद, त्याचे होते.