वार्धक्यातील दुर्बलता : एक बदलती अवस्था

वय झाले की माणूस थकायचाच, असे म्हणून वृद्धांच्या खालावत्या प्रकृतीकडे घरोघरी काणाडोळा केला जातो. वस्तुतः वार्धक्य आणि दुर्बलता या दोन भिन्न गोष्टी होत. ऐंशीव्या वर्षी शेतावर पायी जाणारे आजोबा आणि पासष्टीतच उंबरठ्याशी अडखळणाऱ्या आजी एकाच गावात आढळतात.

अमेरिकेतील लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दुर्बलतेची पाच लक्षणे निश्चित केली : प्रयत्नावाचून घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची ढिली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन वा अधिक लक्षणे दिसल्यास व्यक्ती दुर्बल समजतात. एक-दोन दिसल्यास ती पूर्वदुर्बल होय.

ही मधली अवस्थाच खरी लक्ष देण्याजोगी आहे. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन परिसरात सत्तरीपुढील ७५४ व्यक्तींची साडेचार वर्षे, दर अठरा महिन्यांनी, तपासणी करण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५७.६ टक्के व्यक्तींची अवस्था या काळात एकदा तरी बदलली. बदलाचा ओघ बिघाडाकडे अधिक होता, हे खरे. तथापि काही जण सुधारलेही. मात्र अठरा महिन्यांत दुर्बल अवस्थेतून एकदम सुदृढ अवस्थेत परतणाऱ्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी भरले. म्हणजे उपाय करावयाचे ते पूर्वदुर्बल अवस्थेतच.

स्नायू झिजले की हालचाल मंदावते, हालचाल मंदावली की भूक मरते आणि अपुऱ्या आहाराने स्नायू आणखी झिजतात. या चक्राला आजारपण वा पडझड गती देते. दहा दिवस अंथरुणावर काढले, तरी वृद्धांच्या पायांतील स्नायू लक्षणीयरीत्या घटतात. ‘आता पडूनच राहा’ हा घरच्यांचा प्रेमाचा सल्ला म्हणूनच अनेकदा अपायकारक ठरतो.

पारख करण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. ओसरीवर चार मीटर अंतर आखावे. नेहमीच्या चालीने ते कापण्यास पाच सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास चाल मंद समजावी. वर्षभरात वजन पाच टक्के घटल्यास, म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीचे तीन किलो कमी झाल्यास, वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू झाला आहे. उपकेंद्रातील वजनकाटा तर त्याही आधीपासून आहे. दाळ, दूध, अंडी यांचा आहार, रोजचे चालणे आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव, इतके घरीही जमते. दात नसल्यामुळे भाकरी चावत नाही, ही तक्रार मात्र आधी ऐकून घ्यावी लागते.