नेमलेला प्रतिनिधी आणि निवडलेला प्रतिनिधी

एखाद्या समाजाला सभागृहात जागा मिळाली म्हणजे त्याला प्रतिनिधित्व मिळाले, असे आपण सहज धरून चालतो. ही समजूत कितपत टिकते, हे आपल्याच जिल्ह्यातील माणगाव परिषदेच्या आधाराने तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९१९ च्या सुधारणा कायद्यापूर्वी मताधिकाराचा विचार करण्यासाठी साउथबरो समिती नेमली गेली. त्या वर्षीच्या जानेवारीत, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्यापुढे साक्ष दिली. मताधिकार मालमत्तेवर ठरणार असेल तर ज्यांना मालमत्ता मिळवण्याची वाटच बंद आहे ते मतदार होणार कसे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट शिथिल करावी आणि त्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात स्वतःचे प्रतिनिधी निवडू द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. प्रत्यक्षात काय मिळाले? मुंबई कायदेकौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी निवडणुकीने भरावयाच्या सात जागा राखीव झाल्या. अस्पृश्यांच्या वाट्याला सुरुवातीस एक जागा आली, आणि तीही सरकारने नेमावयाची!

या पार्श्वभूमीवर २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे जमलेल्यांना सांगितले की, तुम्हांला तुमचा पुढारी लाभला आहे. मुंबई कौन्सिलाचे कायदे कोल्हापूर संस्थानात लागू नव्हते. तरीही कौन्सिलातील आपले प्रतिनिधी आपल्याच मतदारसंघातून निवडले जावेत, ही मागणी या परिषदेने केली. मला यातील महत्त्वाची गोष्ट ही वाटते की, ज्याला पुढारी म्हणायचे तो सरकारी आदेशाने येत नसून समाजाच्या संमतीने येतो, हे त्या दोन दिवसांत उघडपणे मांडले गेले.

पुढे डॉ. आंबेडकर स्वतः नियुक्त सदस्य म्हणून १९२७ साली कौन्सिलात गेले. तेव्हा नेमलेली जागा निरुपयोगी होती, असे म्हणता येणार नाही. पण तिची मर्यादाही तेथेच दिसते. महार वतनासंबंधीचे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मांडले आणि १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. प्रश्न मांडता येत होता. तो तडीस नेण्यासाठी लागणारी मते मात्र इतरांच्या हाती होती.

जात आणि वंश एक नव्हेत. परंतु राज्यकर्त्यांची ही रीत अन्यत्रही आढळते. दक्षिण आफ्रिकेत १९३६ च्या कायद्याने केप प्रांतातील आफ्रिकी मतदारांना सामान्य यादीतून काढून स्वतंत्र यादीत घातले आणि त्यांना कनिष्ठ सभागृहात तीन प्रतिनिधी दिले. तेही गोरेच असले पाहिजेत, अशी अट! १९८३ च्या घटनेने गोऱ्यांसाठी १७८, मिश्रवर्णीयांसाठी ८५ व भारतीय वंशीयांसाठी ४५ सदस्यांची वेगवेगळी सभागृहे निर्माण केली. बहुसंख्य कृष्णवर्णीयांना एकही जागा नव्हती. पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत मिश्रवर्णीय व भारतीय मतदारांपैकी बहुतेकांनी मतदानाकडे पाठ फिरवली. सर्वांना समान मत मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

जागांच्या संख्येवरून निष्कर्ष काढणे किती अवघड आहे, हे १९३२ साल शिकविते. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा दिल्या होत्या, पण त्यांचे मतदार केवळ अस्पृश्यच होते. पुणे कराराने जागा १४८ केल्या. मात्र अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाकडे गेली. जागा दुपटीहून वाढल्या आणि निवडणारा बदलला. या दोहोंत अधिक मोलाचे काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

म्हणून प्रतिनिधित्वाचा विचार करताना आपण दोन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. या माणसाला तेथे कोणी पाठविले? आणि त्याने पाठविणाऱ्यांची बाजू सोडली, तर त्याला परत बोलावण्याचे अथवा पुन्हा न पाठविण्याचे सामर्थ्य कोणाकडे आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘त्या समाजाकडे’ असे नसेल, तर खुर्ची भरलेली असूनही तो समाज सभागृहाबाहेरच उभा असतो.