कामाची फाइल उघडण्याआधी

कांदिवलीच्या चारकोप इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छापखान्याच्या गाळ्यात मी आठ वर्षं पॅकेजिंगचं डिझाइन केलं. औषधांची कार्टन, मसाल्यांची पाकिटं, मिठाईचे बॉक्स. अंधेरीला एका मोठ्या जागेसाठी मुलाखत ठरली, तेव्हा तीन रात्री जागून पोर्टफोलिओ लावला. बेचाळीस पानं झाली. हाताखालून गेलेलं एकही काम मी सोडलं नाही.

समोरच्या बाई पानं भराभर उलटत होत्या. साबणाच्या एका कार्टनवर थांबल्या.

"यात तुम्ही काय केलंत?"

"डिझाइन."

"फोटो?"

"फोटोग्राफरने काढला."

"अक्षरं?"

"आमच्या सरांची."

"मग तुमचं?"

मला उत्तर सुचेना. उत्तर होतं, आणि चांगलं होतं. त्या कार्टनचा तळ माल भरताना सुटायचा. मी डमी कापून, दुमडून पाहिली, लॉकची खाच दोन मिलिमीटर खोल केली, नवी डाय बनवून घेतली आणि तक्रारी थांबल्या. माझ्या आठ वर्षांतलं ते सगळ्यात मोलाचं काम. पण पानावर फक्त गुळगुळीत फोटो होता.

पुढचं पान त्याहून महागात पडलं. एका केशतेलाचं पॅकिंग. "हे दुकानात कधी दिसलं नाही," त्या म्हणाल्या. मी उत्साहाने सांगून टाकलं, "दिवाळीला बाजारात येतंय." त्यांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. "उद्या आमचंही काम तुम्ही असंच कुणाला तरी दाखवाल." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. कांदिवली येईपर्यंत लेडीज डब्यात ती फाइल छातीशी धरून उभी होते.

हाताने केलं म्हणजे काम आपलं, असं मी धरून चालले होते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. बाटलीचा किंवा डबीचा नवा आकार नोंदणीचा अर्ज करण्याआधी जाहीर झाला, तर २०००च्या डिझाइन कायद्याखाली त्याची नोंदणीही हातची जाऊ शकते. म्हणून बाजारात आलेलंच काम दाखवा, तेही साहेबांना विचारून. नोकरी सोडताना परवानगी मागा आणि ती लेखी घ्या. सगळं कामच गोपनीय असेल तर एखादा काल्पनिक माल घेऊन त्याचं पॅकिंग नव्याने करा आणि तो सराव आहे हे पानावर स्पष्ट लिहा.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. मुलं टॅबवर पन्नास-साठ चित्रं सरकवतात आणि मला एकही आठवत नाही. आठ-दहा कामं पुरे आहेत. मला अडचण काय होती ते सांगा, कच्चं रेखाटन दाखवा, नापास झालेला नमुनाही ठेवा, कारण तुम्ही विचार कसा करता ते तिथेच कळतं. सोबत्यांची नावं लिहिल्याने तुमचं काम लहान होत नाही. छापील डमी असेल तर हातात द्या. माणूस ती उघडतो, तळ दाबून पाहतो आणि बोलणं आपोआप सुरू होतं. पीडीएफ मोबाइलमध्येच उतरवून ठेवा, तिथल्या वायफायच्या भरवशावर जाऊ नका.

हे फक्त डिझाइन करणाऱ्यांपुरतं नाही. आयटीआय झालेल्या फिटरने आपल्या जॉबचा फोटो आणि शेजारी त्याची मापं, शिवणकाम करणाऱ्या ताईने ब्लाउजची उलटी बाजू दाखवावी. टाके तिथेच दिसतात.

मुलाखत जवळ आली असेल तर आज रात्री फाइल काढा आणि पेन घेऊन प्रत्येक पानाखाली लिहा: यात मी हे केलं. जिथे पेन अडेल, ते पान काढून ठेवा.