‘आसंजन’ शब्दाचें कूळ

विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत ‘आसंजन’ हा शब्द भेटला कीं पुष्कळ विद्यार्थी अडखळतात. अर्थ साधाच आहे: एक पदार्थ दुसऱ्यास चिकटून राहणें. पाण्यांत बुडविलेली काच ओली होऊन बाहेर येते. पाणी काचेस चिकटतें, हें आसंजन. पाऱ्यांतून तीच काच कोरडी निघते, कारण पाऱ्याच्या कणांची आपसांतील ओढ काचेविषयींच्या ओढीहून अधिक असते. सुताराचा सरस, पुस्तकें बांधणाऱ्याची खळ, पाकिटाचा डिंक हीं सर्व आसंजकें होत.

मग ‘चिकटणें’ हा घरचा शब्द असतां हा अवघड शब्द कशाला, असें कोणी पालक विचारतील. शंका रास्त आहे. परंतु या शब्दाचे भाऊबंद आपल्या घरांत केव्हांच राहावयास आले आहेत.

मूळ धातु ‘सञ्ज्’, म्हणजे चिकटणें, बिलगणें. संस्कृतांत कांहीं प्रत्ययांपूर्वीं धातूच्या अंतींच्या ‘ज्’चा ‘ग्’ होतो. ‘युज्’पासून योग, ‘त्यज्’पासून त्याग, ‘भञ्ज्’पासून भंग, तसा ‘सञ्ज्’पासून संग. म्हणजे मोडणें आणि चिकटणें एकाच सांच्यांतून निघालीं! आसक्ति याच कुळांतली, प्रसंगही याच कुळांतला. ‘अनु’ लागला कीं ‘स’चा ‘ष’ होऊन अनुषंग होतो. आनुषंगिक गोष्ट म्हणजे मुख्य गोष्टीस चिकटून आलेली. धनुर्धराच्या भात्याचें ‘निषंग’ हें नांवही याच धातूचें. संगम मात्र येथें घालूं नये. तो ‘सम्’ आणि ‘गम्’ यांचा. आणि ‘सक्त ताकीद’ यांतील ‘सक्त’ तर फारसी ‘सख्त’ होय. त्याचा आसक्तीशीं कांहींएक संबंध नाहीं.

या कुळांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘व्यासंग’. ‘वि’ आणि ‘आ’ हे दोन उपसर्ग लागून तो बनला. मराठींत त्याचा अर्थ विद्येस चिकटून, दीर्घकाळ केलेला अभ्यास. चार ग्रंथ चाळणारासही व्यासंगी म्हणण्याची रीत पडली आहे. धातूस तें मानवणारें नाहीं. गंमत अशी कीं, संस्कृतांत याच शब्दाचा आणखी एक अर्थ आढळतो: मन भलतीकडेच गुंतून राहणें. तेव्हां परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडें ठेवून दुसऱ्या दिवसाच्या क्रिकेटच्या सामन्यांत रंगलेला मुलगाही, या दुसऱ्या अर्थानें, व्यासंगीच म्हणावा लागेल.