सामूहिक विचारविनिमय आणि ऑनलाइन साधनांची निवड

सभेचे इतिवृत्त लिहिण्याची आपली परंपरा जुनी आहे. काय ठरले, कोणी करावयाचे आणि केव्हापर्यंत, या तीन गोष्टींची लेखी नोंद राहावी हा तिचा हेतू. चर्चा संगणकावर वा मोबाइलवर होऊ लागली, तरी ही गरज तशीच आहे.

समजा, एका लघुउद्योजकाचे कार्यालय पुण्यात, कारखाना वापीत आणि विक्री प्रतिनिधी इंदूरला आहे. मालाचा दर मोबाइलवरील गटात ठरतो आणि सणाच्या शुभेच्छांखाली दिसेनासा होतो. पुढे देयकाच्या रकमेवरून वाद झाल्यास मान्य दर दाखवायचा कोठून? म्हणून कामाचे स्वरूप पाहून साधन निवडावे. विषयवार चर्चेसाठी स्लॅक किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्स, एकत्रित मसुद्यासाठी गुगल डॉक्स, तर कामांच्या वाटपासाठी ट्रेलोसारखा फलक उपयुक्त ठरतो. मसुद्यात कोणी कोणता बदल केला, हेही पाहता येते.

निवड करताना पुढील चार कसोट्या लावाव्यात :

१) सुलभता : संगणकाचा सर्वांत कमी सराव असलेल्या सहकाऱ्यालाही ते वापरता यावे. एकानेही पाठ फिरवली, तर नोंद अपुरी राहते.

२) सुरक्षितता : मुख्य खाते व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे असावे. नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणात कसूर केल्यास २०२३च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

३) खर्च : मोफत योजनेच्या अटी वाचाव्यात. स्लॅकने २०२२ मध्ये मोफत योजनेतील संदेश ९० दिवसांपुरतेच पाहता येतील अशी मर्यादा घातली. वार्षिक हिशेबाच्या वेळी अशी नोंद हाती लागत नाही.

४) शाश्वती : गुगल वेव्ह २००९ मध्ये गाजावाजात आले आणि २०१२ मध्ये बंद झाले. २००३ मध्ये सुरू झालेली स्काइपची सेवाही मे २०२५ मध्ये थांबली. नोंदींची प्रत स्वतःकडे उतरवून घेता येते का, हे आरंभीच तपासावे.

साधन कोणतेही असो, चर्चेअंती एकाने निर्णय दोन ओळींत लिहावा व इतरांनी त्यास संमती द्यावी. या शिस्तीविना उत्तम साधनही निरुपयोगी ठरते.

बँक कर्मचाऱ्यांनी ग्राहकाचा खाते क्रमांक वा कागदपत्रे खासगी गटात कदापि पाठवू नयेत. त्यासाठी बँकेने मान्य केलेली प्रणालीच वापरावी. ग्राहकांनीही पासवर्ड वा ओटीपी कोणत्याही गटात लिहू नये, तो मागणारा स्वतःला बँक अधिकारी म्हणवीत असला तरीही. ठेवीप्रमाणेच माहितीही विश्वासाने सोपविलेली असते. तिची जपणूक हे आपणा उभयतांचे कर्तव्य आहे.