कॉलेजांतील पहिला निबंध

गेल्या डिसेंबरांत, नाताळची सुटी लागण्याच्या दोन दिवस आधीं, आमची एक माजी विद्यार्थिनी शाळेंत भेटावयास आली. ती अमेरिकेंतील एका विद्यापीठांत पहिल्या वर्षास आहे. येतांना तिनें आम्हां शिक्षकांसाठीं चॉकलेटांचा एक डबा आणला होता व त्याबरोबर सात पानांची एक छापील पत्रिका. डबा मधल्या सुटींतच संपला. पत्रिका मात्र अजून शिक्षकांच्या खोलींत हातोहात फिरत आहे. तीवरून आम्ही जें शिकलों तें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या कानीं घालावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

अमेरिकेंतील बहुतेक कॉलेजांत, विद्यार्थी पुढें डॉक्टर होणारा असो, इंजिनियर होणारा असो कीं आणखी कोणी, पहिल्या वर्षीं त्यास लेखनाचा एक वर्ग करावाच लागतो. वर्ग लहान असतो. पंधरा-वीस मुलांहून अधिक मुलें एका तुकडींत सहसा घेत नाहींत. पहिल्या दिवशीं प्राध्यापक मुलांच्या हातीं अशी पत्रिका देतात. आपल्याकडे 'सिलॅबस' म्हटलें कीं धड्यांची यादी डोळ्यांपुढें येते. हिच्यांत धड्यांस एकच पान दिलेलें आहे. उरलेल्या सहा पानांत निबंध किती, ते कधीं द्यावयाचे, उशीर झाल्यास काय, गैरहजर राहिल्यास काय, दुसऱ्याचे शब्द घेतल्यास काय, असा सारा व्यवहार लिहिलेला आहे. एका परीनें तो करारच होय. पुढें कोणी "आम्हांला ठाऊक नव्हतें" असें म्हटल्यास त्यास ही पत्रिका दाखविली जाते.

आतां त्या मुलीची हकीकत. आमच्या शाळेंत निबंधस्पर्धेचें बक्षीस तिनें लागोपाठ तीन वर्षें घेतलें होतें. कॉलेजांतील पहिला निबंध सार्वजनिक ग्रंथालयांवर होता. दोन लेख वाचावयाचे व त्यांस धरून आपलें म्हणणें चार पानांत मांडावयाचें. तिनें नेहमींच्या हातोटीनें लिहिलें. आरंभीं ज्ञानाच्या थोरवीवर एक परिच्छेद घातला, मध्यें इंटरनेटवर मिळालेल्या एका नामांकित लेखकाच्या लेखांतील तीन सुरेख वाक्यें गुंफलीं, आणि शेवटीं ग्रंथ हेच खरे मित्र असा समारोप केला. निबंध परत आला तो गुणांवांचून. समासांत प्राध्यापिकाबाईंचे दोन प्रश्न मात्र होते. एक, 'हें वाक्य कोणाचें?' आणि दुसरा, 'ह्या सगळ्यांत तुझें म्हणणें कोणतें?' खालीं भेटावयास येण्याची वेळ दिली होती. पत्रिकेच्या सहाव्या पानावर लिहिलें होतें कीं, दुसऱ्याचे शब्द त्याचें नांव न सांगतां घेतल्यास निबंधास शून्य, प्रसंगीं सबंध वर्गांत नापास, आणि प्रकरण शिस्तमंडळाकडे. त्या रात्रीं तिला झोप आली नाहीं.

हें सांगतांना ती आम्हांस म्हणाली, "बाई, चांगलीं वाक्यें जमवणें म्हणजेच निबंध, असें मला वाटत होतें."

तिला तसें वाटावें ह्यांत नवल तें काय? तें तिला आम्हींच शिकविलें. 'पावसाळ्यांतील एक दिवस' हा विषय दिला कीं छत्तीस वह्यांपैकीं निदान तीस वह्यांत धरित्री हिरवा शालू नेसून उभी असते. तो शालू प्रथम कोणी नेसविला, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. उलट त्यास एक गुण जास्तच दिला. नमुना निबंधांचीं पुस्तकें आम्हीं स्वतः मुलांस आणावयास सांगितलीं. आरंभीं सुभाषित आलें कीं आमची लाल लेखणी प्रसन्न होते. परीक्षेच्या घाईंत ह्याचा उपयोग होतो, हें खरें. परंतु त्याची किंमत कोठें व कोणास द्यावी लागते, हें त्या मुलीच्या तोंडून ऐकेपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

लेखनाचा हा वर्ग तिकडे कसा सुरू झाला, हें पाहण्यासारखें आहे. हार्वर्ड कॉलेजचे अध्यक्ष चार्ल्स एलियट ह्यांनीं १८७२ सालीं ॲडम्स शर्मन हिल ह्यांस लेखन शिकविण्यासाठीं आणलें. हिल हे वकिली शिकलेले व वृत्तपत्रांत काम केलेले गृहस्थ होते. १८७४ सालीं प्रवेशपरीक्षेंत इंग्रजी निबंध आला. शेक्सपियरचें नाटक किंवा स्कॉटची कादंबरी अशा नेमलेल्या ग्रंथांतून विषय काढीत. नांवाजलेल्या शाळांतून आलेल्या मुलांचे ते निबंध वाचून परीक्षक हताश झाले. पुढें १८८५ पासून पहिल्या वर्षासाठीं 'इंग्लिश ए' हा वर्ग सुरू झाला व त्याचें अनुकरण देशभर झालें. बॅरेट वेंडेल ह्या प्राध्यापकांनीं तर मुलांकडून रोज एक पान लिहून घेण्याचा परिपाठ ठेवला होता. तीं सारीं पानें तपासणारांची काय दशा होत असेल, ह्याची कल्पना कोणाहि शिक्षकास करतां येईल.

त्याच १८७४ सालीं पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाला' काढली, हा एक मौजेचा योगायोग आहे. तिचे ८४ अंक त्यांनीं जवळजवळ एकहातीं लिहिले. त्यांच्या लेखणीनें मिशनऱ्यांस सोडलें नव्हतें, हें आमच्यासारख्या मिशन शाळेच्या अंकानें लपविण्याचें कारण नाहीं. पण निबंध म्हणजे लिहिणाराचें स्वतःचें मत, कोणास रुचो वा न रुचो, हें मराठी वाचकास त्या पानांत दिसलें. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे नव्हती असें नाहीं. ती निबंधमालेंत राहिली आणि वर्गांतील वहींत आली नाहीं, इतकेंच.

हार्वर्डच्या त्या काळीं अपेक्षा मुख्यतः एकच असे, ती म्हणजे चूक नको. ती बदलण्यास जीं माणसें कारण झालीं त्यांत मायना शॉनेसी ह्या शिक्षिकेचें नांव आम्हांस विशेष आदरानें घ्यावेंसें वाटतें. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनें १९७० सालीं शहरांतील शाळांतून उत्तीर्ण झालेल्या सर्वांस प्रवेश खुला केला. गरिबांचीं, घरीं निराळी भाषा बोलणारीं हजारों मुलें आलीं. त्यांचे निबंध पाहून कित्येकांनीं कपाळास हात लावला. शॉनेसीबाईंनीं तसले सुमारें ४,००० निबंध बारकाईनें वाचले आणि १९७७ सालीं 'चुका आणि अपेक्षा' अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, चुका बहुधा आळसानें होत नाहींत. प्रत्येकीच्या मागें मुलाचा कांहीं तरी नियम असतो आणि तो शिक्षकानें शोधावा. ज्याच्या घरीं 'पाणी'स 'पानी' म्हणतात तो मुलगा वहींत 'पानी' लिहितो, ह्यांत निष्काळजीपणा कोठें आहे? तो आपल्या कानाशीं प्रामाणिक असतो. आम्हीं त्या शब्दाखालीं आजवर किती लाल रेघा ओढल्या, त्याचा हिशेब नाहीं.

पत्रिकेंतील ज्या भागाचें आम्हांस सर्वांत नवल वाटलें तो खर्ड्यांचा. सहा महिन्यांत निबंध चारच. परंतु प्रत्येकाचे निदान दोन खर्डे. पहिल्या खर्ड्यास गुण नाहींत, तरी तो आणला नाहीं तर शेवटचा निबंध घेतच नाहींत. खर्डा प्रथम तिघांतिघांच्या गटांत सोबत्यांनीं वाचावयाचा. त्यांनीं शुद्धलेखन तपासावयाचें नाहीं. मला येथें कळलें नाहीं, येथें पटलें नाहीं, येथें आणखी हवें होतें, एवढेंच सांगावयाचें. मग प्राध्यापिकाबाईंशीं वीस मिनिटें एकट्यानें बसून बोलावयाचें. त्यानंतर पुन्हां लिहावयाचें. डोनाल्ड मरे ह्या लेखक-शिक्षकानें १९७२ सालीं मांडलेला विचार ह्याच्या मुळाशीं आहे. तयार झालेला निबंध शिकवूं नका, निबंध तयार कसा होतो तें शिकवा, असें त्यांचें सांगणें होतें.

पुन्हां लिहिणें म्हणजे स्वच्छ अक्षरांत उतरून काढणें, अशी आपली समजूत आहे. त्या मुलीनें आपल्या निबंधाचे दोन्ही खर्डे आम्हांस दाखविले, तेव्हां ती समजूत गेली. पहिल्या खर्ड्यांतील ज्ञानाच्या थोरवीचा परिच्छेद सबंध काढलेला होता. तीं तीन सुरेख वाक्यें जाऊन त्यांतील एकच, अवतरणचिन्हांत व लेखकाच्या नांवासह, उरलें होतें. पण खरी गंमत पुढेंच होती. पहिल्या खर्ड्याच्या तिसऱ्या पानावर, कोठें तरी मध्येंच, तिनें सहज लिहिलें होतें कीं आमच्या गांवचें वाचनालय सायंकाळीं सहाला बंद होतें आणि माझे वडील कामावरून सातला सुटतात. ह्या वाक्याखालीं बाईंनीं रेघ ओढून लिहिलें होतें, 'येथून सुरुवात कर.' दुसऱ्या खर्ड्याचा आरंभ तेथूनच आहे. ग्रंथालय सर्वांसाठीं खुलें असतें असें आपण म्हणतों, पण तें कोणत्या वेळीं खुलें असतें ह्यावर तें कोणासाठीं आहे हें ठरतें, असा तिचा मुद्दा आहे. तीन वर्षें बक्षीस घेणाऱ्या त्या मुलीच्या वहींत असें वाक्य आम्हीं एकदांहि वाचलें नव्हतें. तें वाचनालय आमच्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर आहे.

बाकीचे नियम थोडक्यांत सांगतों. निबंध ठरल्या वेळेनंतर आला तर प्रत्येक दिवसास श्रेणी एकेक पायरी उतरते. अडचण असेल तर ती आधीं कळवावी. तीनपेक्षां अधिक गैरहजेऱ्या झाल्यास गुण कमी होतात, कारण वर्गांत सोबत्याचा खर्डा वाचणें हेंच काम असतें व तें घरीं बसून होत नाहीं. ओळींत अंतर दुप्पट सोडावें, म्हणजे शिक्षकास लिहावयास जागा राहते.

पालकांसाठीं एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. आपल्याकडे मुलाचा निबंध राहिला कीं वडिलांची चिठ्ठी येते. तिकडे ती चालत नाहीं. इतकेंच नव्हे, तर १९७४ च्या एका कायद्यामुळें कॉलेज विद्यार्थ्याच्या संमतीवांचून त्याचे गुण सामान्यतः आईबापांसहि कळवीत नाहीं. ह्या मुलीच्या वडिलांनीं काळजीपोटीं प्राध्यापिकाबाईंस ईमेल लिहिला होता. त्यास मोठें सौजन्यपूर्ण उत्तर आलें कीं, ह्या विषयीं मी आपल्या कन्येशींच बोलूं शकतें. वडिलांस प्रथम राग आला. "फी मी भरतों आणि निकाल मला नाहीं?" असें ते म्हणाल्याचें ती हंसत हंसत सांगत होती.

दुसऱ्याचे शब्द घेण्याविषयीं मात्र थोडें सविस्तर लिहिणें भाग आहे, कारण आमच्या मुलांस धोका तेथेंच आहे. वाङ्मयचौर्यास इंग्रजींत 'प्लेजरिझम' म्हणतात. मार्शल नांवाच्या रोमन कवीनें, आपल्या कविता स्वतःच्या म्हणून म्हणणाऱ्या इसमास माणसें पळविणारा असें म्हटलें, त्या लॅटिन शब्दावरून तो आला. नियम समजण्यास कठीण नाहीं. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हें व नांव दोन्ही हवीं. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत सांगितला तरी नांव हवेंच. पुष्कळ मुलें चुकतात तीं येथें. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते, असल्या सर्वांस ठाऊक गोष्टीस आधार द्यावा लागत नाहीं. आपल्या परंपरेंत असलें ऋण सांगण्याची चाल नव्हती, असें म्हणून कोणी हा नियम परका ठरवितात. तें आम्हांस मान्य नाहीं. ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें गीतेवरील आपला ग्रंथ पुरा केला, आणि गुरूचें, व्यासांचें, भाष्यकारांचें ऋण त्यांत मोकळेपणानें सांगितलें.

आणि आतां यंत्र आलें आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' सर्वांस खुलें झालें व निबंध मागतांच मिळूं लागला. कॉलेजांचें धोरण ह्याबाबतींत एकसारखें नाहीं. कोणी तें अजिबात वर्ज्य ठरवितात, कोणी वापरा पण सांगा असें म्हणतात. ह्या पत्रिकेंत, शंका विचारण्यास यंत्र चालेल, परंतु त्याचें एकहि वाक्य निबंधांत नको व काय विचारलें तें शेवटीं लिहावें, असा नियम आहे. ज्या वर्गास जावयाचें त्याचा नियम वाचून घ्यावा. एका वर्गांत चालतें तें शेजारच्या वर्गांत गुन्हा ठरूं शकतें. यंत्राचें लेखन ओळखणारीं दुसरीं यंत्रेंहि निघालीं आहेत, पण तीं फसतात. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाहीं अशांचे स्वतः लिहिलेले निबंध तीं पुष्कळदां यंत्राचे ठरवितात, असें स्टॅनफर्डच्या संशोधकांस २०२३ सालीं आढळून आलें. म्हणजे आमचा मुलगा निरपराध असूनहि सांपडण्याचा संभव आहे. त्या वेळीं त्याच्या बाजूनें साक्ष देणारी वस्तु म्हणजे त्याचे खर्डे. ते फाडूं नयेत, पुसूं नयेत, तारखा घालून ठेवावे.

त्या मुलीस शिस्तमंडळापुढें जावें लागलें नाहीं. तिनें कोठून काय घेतलें तें भेटींत न लपवितां सांगितलें. बाईंनीं तिला एक आठवड्याची मुदत देऊन पुन्हां लिहावयास लावलें, व दुसऱ्या वेळीं अशी सवलत मिळणार नाहीं हेंहि बजावलें. दुसऱ्या खर्ड्यास श्रेणी मध्यमच मिळाली. ती आम्हांस दाखवितांना तिच्या मुद्रेवर जो आनंद होता तो बक्षिसाच्या दिवशीं आम्हीं पाहिला नव्हता.

येत्या जूनपासून आठवी व नववीच्या वर्गांत महिन्यास दोन निबंधांऐवजीं एकच निबंध, पण दोन खर्ड्यांचा, असा प्रयोग आम्ही करणार आहों. नमुना निबंधांचीं पुस्तकें वर्गांत आणूं नयेत. पहिल्या सहामाहींत मुलांचे गुण कदाचित् उतरतील. पालकांनीं घाबरून न जातां आम्हांस येऊन भेटावें. वर सांगितलेले दोन्ही खर्डे, लिहिणारीच्या परवानगीनें, शाळेच्या ग्रंथालयांत दाराजवळच्या कपाटांत ठेविले आहेत. ज्यांस ते पाहावयाचे असतील त्यांनीं मधल्या सुटींत मागून घ्यावे. पालकांस शनिवारीं सायंकाळीं येणें सोयीचें व्हावें म्हणून ग्रंथालय त्या दिवशीं आठ वाजेपर्यंत उघडें राहील.